चोवीसवर ठेवा

ताराबाई पार्कात, तिसऱ्या मजल्यावर, भर एप्रिलात
इंगवले बाईंनी दार उघडलं
आणि आतली हवा अंगावर आली:
गार, पण शिळी,
फ्रीजमधल्या परवाच्या भातासारखी.

"गॅस संपलाय बघा. सोळावर ठेवलं तरी गार होत नाही.
हे म्हणतात, दोन टनाचा घालू."
आतल्या खोलीत पोरगी खोकत होती,
कोरडं, ठेक्यात,
पट्टा ढिला झालेल्या मोटरीसारखं.

स्टुलावर चढलो. जाळी काढली.
जाळी कसली, घोंगडंच ते:
दोन उन्हाळ्यांची उदबत्ती, डासांची कॉइल,
तांबड्या रश्श्याची फोडणी, मांजराचे केस,
आणि मोगऱ्याच्या वासाचा तो डब्यातला फवारा,
ज्याच्यावर निळ्या अक्षरांत 'ताजी हवा' लिहिलेलं असतं.
मोरीत नेऊन नळाखाली धरली.
काळं पाणी बराच वेळ जात राहिलं.
बाई दारात उभ्या. काही बोलल्या नाहीत.

गॅस पुरा होता.
खरं तर मी एवढंच म्हणायचं होतं: घ्या दोन टनाचा.
शेठला त्यात सुटतात, मलाही आठशे.
पण तोंड आपलं, ऐकतंय कुठं.
म्हटलं, ही पश्चिमेची खिडकी.
चारनंतर ऊन काच ओलांडून आत येतं, मग तुम्ही पडदा ओढता.
चोराला आत घेऊन कडी लावल्यागत झालं हे.
काचेच्या बाहेरनं बांबूचा चिक सोडा.
चोवीसवर ठेवा, वर पंखा एकवर,
आणि पहाटे पाचला समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा,
वारं गार हाय तवर.

"खिडकी? धूळ येते हो."
येते की.
पण आतली जाते कुठनं?

माझं घर यादवनगरात, पत्र्याचं.
गेल्या साली चुना कालवला, त्यात फेविकॉल,
वर चढून दोन हात मारले.
शेजारचा बाबू लोहार खालनं ओरडला,
"पत्र्याला पावडर लावतोस व्हय रं?"
दुपारी दोनला दोन्ही पत्र्यांना थर्मामीटर चिकटवला.
त्याचा एकसष्ट, माझा सेहेचाळीस.
बाबूनं आकडा दोनदा वाचला,
मग विचारलं, चुना उरलाय का.

एवढा मी शहाणा.
आणि त्या दिवशी ताराबाई पार्कातनं घरी आलो
तर आत नसीम वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजत बसलेली,
संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला,
डोळ्यांना पदर, घशात ठसका,
आणि धूर माझ्या पांढऱ्या पत्र्याखाली
जावयासारखा मांडी घालून.
त्याला वाट नव्हती. मी ठेवलीच नव्हती.
सहा वर्षं म्हणतोय, भोक पाडू या.

"आलास लोकांच्या घरची हवा बघून?"
एवढंच बोलली ती, आणि पुन्हा खोकली.
तो खोकला ओळखीचा निघाला.

छन्नी घेतली.
शेगडीवरच्या भिंतीतल्या चार विटा
रात्री नऊपर्यंत हलेनात, मग एकदम निघाल्या.
भंगारातल्या कूलरचा पंखा होता, उलटा बसवला,
हवा बाहेर फेकणारा.
बटण दाबलं. कुरकुरला, थांबला,
मी चापट मारली, मग फिरला.
धूर वळला, लांबट झाला,
गेला.

गल्लीत कुणीतरी सणसणून शिंकलं.
"चटणी केली व्हय, नसीमभाभी?" बाबूची बायको.
"वाटीभर तरी पाठवा, नुसता ठसका काय पाठवताय!"

आठवड्यानं, सकाळी साडेसातला, इंगवले बाईंचा फोन.
पाचला उठून खिडक्या उघडतात म्हणे.
कुत्री भुंकतात, म्हशी जातात धारेला, झोपमोड होते.
तक्रार करत होत्या की सांगत होत्या, कळेना.
पोरगी?
"झोपलीय अजून."
मग जरा थांबून,
"मशीन असं बंद ठेवलं तर बिघडतं का हो?"

तोंडात भाकरी होती, नव्या चटणीची.
उत्तर द्यायला आधी पाणी प्यावं लागलं.